महाविद्यालयात कशासाठी जायचे? एका साध्या प्रश्नाची उकल

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील घराघरांत पुढचे दोन-तीन महिने प्रवेशाशिवाय दुसरा विषय निघत नाही. सीईटीचे पर्सेंटाइल, गेल्या वर्षीचा कटऑफ, कॅप फेऱ्यांचे वेळापत्रक, नॉन-क्रीमी लेयर आणि जात पडताळणीची कागदपत्रे, वसतिगृह की शहरात भाड्याची खोली, या सगळ्याचा काथ्याकूट होतो. तो व्हायलाही हवा, कारण एक कागद कमी पडला तरी हाती आलेली जागा जाते. त्यात आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची भर पडली आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात मुख्य विषय, दुय्यम विषय, अन्य शाखेतील एखादा विषय, कौशल्याचा अभ्यासक्रम अशा निवडी कराव्या लागतात. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी घेऊन बाहेर पडता येते. पूर्वी एकदाच करायची निवड आता वरचेवर समोर उभी राहते. ती कशाच्या आधारे करायची याचे उत्तर माहितीपुस्तिकेत सापडत नाही, कारण ते त्याआधीच्या एका प्रश्नावर अवलंबून आहे: हा मुलगा किंवा ही मुलगी महाविद्यालयात मुळात जाते आहे कशासाठी?

या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी गेली पन्नास-साठ वर्षे पुष्कळ काम केले आहे. त्यातून हाती आलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपण शिक्षणाच्या कारणांची विभागणी “ज्ञानासाठी” आणि “पैशासाठी” अशी करतो आणि पहिले उदात्त, दुसरे व्यवहारी असे ठरवून मोकळे होतो. प्रत्यक्षात कारण कोणते आहे यापेक्षा ते विद्यार्थ्याचे स्वतःचे झाले आहे की कोणीतरी त्याच्या गळ्यात घातले आहे, यानेच पुढच्या तीन-चार वर्षांत अधिक फरक पडतो.

नेमके हेच विचारणारी प्रश्नावली

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात शालेय शिक्षणानंतर विद्यापीठात जाण्यापूर्वी दोन वर्षांचे महाविद्यालय असते; आपल्या अकरावी-बारावीसारखेच ते मधले टप्पे. तेथील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये फ्रेंच भाषेत एक प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि १९९२ मध्ये तिचे इंग्रजी रूप आले. तिच्यात प्रश्न एकच आहे: तुम्ही महाविद्यालयात का जाता? त्याखाली २८ विधाने आहेत आणि प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते हे १ ते ७ या आकड्यांत सांगायचे असते. पुढे चांगल्या पगाराची नोकरी मिळावी म्हणून, नवे काही कळले की आनंद होतो म्हणून, मी हे करू शकतो हे स्वतःलाच सिद्ध करायचे आहे म्हणून, अशी ती विधाने आहेत. आणि एक गट असाही आहे, ज्याचा मथितार्थ “खरे सांगायचे तर मला माहीत नाही, माझा वेळ वाया जातो आहे असे वाटते” असा होतो.

या प्रश्नावलीतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी की एकाच विद्यार्थ्याच्या मनात अनेक कारणे एकत्र नांदतात; पगाराच्या विधानाला ६ देणारी मुलगी जिज्ञासेच्या विधानालाही ६ देऊ शकते. त्यामुळे “याला अभ्यासाची आवड आहे का?” असा हो-नाही स्वरूपाचा प्रश्न विचारून फारसे काही कळत नाही. दुसरी अशी की ही कारणे काही ठरावीक प्रकारांची असतात, आणि त्यांच्यातील भेद समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट उमगत नाही.

प्रेरणेचे प्रकार: विहिरीतले पोहणे

या प्रश्नावलीचा पाया एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धान्तात आहे. त्यात दोन संज्ञा महत्त्वाच्या आहेत. एखादी गोष्ट तिच्यातच गोडी आहे म्हणून करणे ही आंतरिक प्रेरणा, आणि तिच्यामुळे दुसरे काही मिळते किंवा टळते म्हणून करणे ही बाह्य प्रेरणा. इथपर्यंत नवे काही नाही. या दोघांचे खरे योगदान असे, की बाह्य प्रेरणा एकाच प्रकारची नसते हे त्यांनी दाखवून दिले.

खेड्यात वाढलेले बहुतेक जण पोहायला विहिरीत शिकतात. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून वडील किंवा मामा मुलाला पाण्यात सोडतात. पहिल्या दिवशी पोरगा हातपाय मारतो ते निव्वळ धाकाने. वर उभ्या असलेल्या माणसाची पाठ फिरली की तो पायरी धरतो आणि पळ काढतो. काही दिवसांनी धाक उरत नाही, पण बरोबरीची पोरे हसतील या शरमेने तो उडी मारतो. पुढे एखाद्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी येते आणि पोहता येणे किती कामाचे आहे हे त्याचे त्यालाच पटते. मग तो कोणी न सांगता सराव करतो. आणि एखाद्या उन्हाळ्यात, कोणी बोलावलेले नसताना, भर दुपारी मुटका मारायला तो विहिरीवर हजर असतो.

डेसी आणि रायन यांची मांडणी जवळजवळ अशीच आहे. वडिलांच्या धाकाने केलेले पोहणे म्हणजे बाहेरचे दडपण. पोरे हसतील म्हणून केलेले पोहणे म्हणजे आतले दडपण: धाक घालणारा माणूस आता मनात येऊन बसला आहे, इतकाच फरक. ओढ्याच्या पुरानंतरचे पोहणे म्हणजे पटलेले कारण. हे तिन्ही प्रकार बाह्य प्रेरणेचेच, कारण पोहण्यातला आनंद हे त्यांचे कारण नव्हे. तरीही तिसऱ्या प्रकारात मुलगा दुसऱ्याच्या हुकुमाने पाण्यात उतरत नाही. चौथा प्रकार अर्थातच आंतरिक प्रेरणेचा. या पायऱ्या प्रत्येकाला याच क्रमाने चढाव्या लागतात असे नाही, आणि कित्येक जण दुसरीवरच आयुष्यभर थांबतात. बाहेरून आलेले कारण हळूहळू स्वतःचे होणे, या प्रक्रियेला आपण या लेखापुरते “कारण आपलेसे होणे” म्हणू.

महाविद्यालयाला हे तंतोतंत लागू पडते. “बाबा म्हणाले म्हणून इंजिनिअरिंग” हे बाहेरचे दडपण. “सगळ्या चुलतभावंडांनी केले, मी मागे राहिलो तर लोक काय म्हणतील” हे आतले दडपण, आणि आपल्याकडे याच्याइतके मुबलक दुसरे कारण क्वचितच असेल. “गावात पाण्याची मोजणी कशी करतात हे मला शिकायचे आहे, त्यासाठी सिव्हिलची पदवी लागते” हे पटलेले कारण. तिघेही एकाच वर्गात, एकाच बाकावर असतात. हजेरीपटावर त्यांच्यात काहीच फरक दिसत नाही.

लादलेले कारण आपलेसे झाले, त्याचे एक उदाहरण

आनंदीबाई जोशी यांचे नाव मराठी वाचकाला पहिल्या महिला डॉक्टर म्हणून पाठ आहे. त्यांच्या प्रेरणेची गोष्ट मात्र फारशी नीट सांगितली जात नाही. १८६५ मध्ये कल्याणला जन्मलेल्या या मुलीचे नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले. पत्नीने शिकलेच पाहिजे हा हट्ट गोपाळरावांचा होता आणि त्यांचा धाक मारहाणीपर्यंत जात असे, हे आनंदीबाईंच्या पत्रांतूनच कळते. म्हणजे सुरुवात बाहेरच्या दडपणाची, आणि तीही क्रूर. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांतच गेला. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, हा विचार तेव्हापासून त्यांचा स्वतःचा झाला.

तो किती स्वतःचा झाला होता हे १८८३ च्या फेब्रुवारीत दिसले. बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात, अमेरिकेला निघण्यापूर्वी, त्यांनी जाहीर भाषण केले आणि लोक विचारत असलेले प्रश्न एकेक करून घेतले: अमेरिकेलाच का, हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का, एकटी का जाते, जातीबाहेर टाकले तर काय, आजवर एकाही स्त्रीने केले नाही ते तूच का करावेस. अठरा वर्षेही पूर्ण न झालेली मुलगी भरसभेत आपल्या कारणांची अशी उत्तरे देते, तेव्हा ते कारण नवऱ्याचे उरलेले नसते. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे यायची होती, पण क्षयाने फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

या गोष्टीवरून “धाक दाखवला की मुले मार्गी लागतात” असा निष्कर्ष कोणी काढू नये. धाकाने त्यांना अक्षरओळख दिली असेल. समुद्र ओलांडण्याचे बळ मूल गमावलेल्या आईच्या स्वतःच्या कारणाने दिले.

नोकरीसाठी शिकणे कमी प्रतीचे आहे का?

मुळीच नाही. हा आक्षेप बहुधा पोट भरलेल्यांकडून येतो. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा ऊसतोड मजुराच्या घरातील पहिली पदवीधर मुलगी पगारासाठी शिकते, तेव्हा तिचे कारण पूर्णपणे पटलेले, विचारपूर्वक स्वीकारलेले असू शकते. याउलट तत्त्वज्ञानाच्या वर्गात केवळ प्रतिष्ठेसाठी बसलेला विद्यार्थी आतल्या दडपणाखाली असतो. कारणाचा विषय पैसा आहे की ज्ञान, यावरून त्याची प्रत ठरत नाही.

तरीही नोकरी या कारणाकडे थोडे बारकाईने पाहायला हवे, कारण पदवीमुळे जास्त पगार का मिळतो याविषयी अर्थशास्त्रात दोन वेगळी उत्तरे आहेत. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलेले उत्तर असे: शिक्षणाने माणसाची काम करण्याची क्षमता वाढते, म्हणून शिक्षण ही स्वतःमध्ये केलेली गुंतवणूक आहे. याला मानवी भांडवल म्हणतात. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दुसरे उत्तर दिले. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत आधी दिसत नाही. ज्याने तीन-चार वर्षे चिकाटीने परीक्षा दिल्या तो कामातही चिकाटी दाखवील असा अंदाज तो पदवीवरून बांधतो. म्हणजे पदवी हा केवळ एक संकेत आहे. वर्गात काय शिकवले याला तेथे फारसे महत्त्व नाही. दोघांनाही पुढे नोबेल पुरस्कार मिळाले, बेकर यांना १९९२ मध्ये आणि स्पेन्स यांना २००१ मध्ये, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

“कोणत्याही शाखेचा पदवीधर” हे जाहिरातीतले शब्द पाहा. राज्यसेवा परीक्षेच्या अनेक पदांना एवढीच शैक्षणिक अट असते. साहजिकच हजारो मुले कला शाखेत नाव घालतात आणि सगळा वेळ अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाचतात. महाविद्यालय त्यांच्यासाठी फक्त पात्रतेचा कागद देणारी जागा होते. वर्ग ओस पडल्याबद्दल आपण मुलांना बोल लावतो, पण जाहिरातीने संकेतच मागितला असेल तर मुलेही संकेतच मिळवणार.

अडचण अशी, की सगळ्यांकडे असलेला संकेत कोणालाच वेगळे दाखवत नाही. पोलीस शिपाई पदाला बारावी उत्तीर्ण पुरते. २०२४ च्या भरतीत १७ हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले आणि त्यांत पदवीधर व अभियंतेही होते. पदवीचा कागद हे एकमेव कारण घेऊन तीन वर्षे काढलेल्या मुलाच्या हाती अशा वेळी काहीच उरत नाही, कारण कागदापलीकडचे काही मिळवायचे आहे असे त्याला कधी वाटलेलेच नसते.

पण पदवीधरच जास्त बेकार आहेत, मग जायचेच कशाला?

हा आक्षेप आकड्यांवर उभा आहे, म्हणून आकडाच पाहू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये तरुण पदवीधरांमधील बेकारीचा दर २९.१ टक्के होता, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये तो ३.४ टक्के. वरवर पाहता शिक्षणाने बेकारी वाढते असे वाटते.

येथे “बेकार” या संज्ञेचा अर्थ ध्यानात घ्यावा लागतो. जो काम शोधतो आहे आणि ज्याला ते मिळत नाही तो बेकार. ज्याच्या घरात आज कमावल्याशिवाय उद्या चूल पेटत नाही, त्याला काम शोधत बसणे परवडतच नाही. मिळेल त्या मजुरीवर तो जातो आणि आकडेवारीत “रोजगार असलेला” ठरतो. पदवीधराला आपल्या शिक्षणाला साजेशा कामाची अपेक्षा असते आणि बऱ्याचदा घर त्याला काही काळ थांबू देते. म्हणून या आकड्याचा अर्थ पदवी निरुपयोगी आहे असा होत नाही. पदवीधरांच्या अपेक्षेइतकी कामे अर्थव्यवस्थेत तयार झाली नाहीत, असा तो आहे, आणि ही गोष्ट गंभीर आहे. तिचे खापर अठरा वर्षांच्या मुलाच्या “चुकीच्या प्रेरणे”वर फोडणे अन्यायाचे होईल. आयटीआय किंवा पॉलिटेक्निक पूर्ण विचार करून निवडणारा मुलगा “कॉलेजला नाही गेला” म्हणून मागे पडला असेही मानण्याचे कारण नाही.

मुलींची न सांगितलेली कारणे

या विषयावरच्या बहुतेक चर्चेत एक कारण येतच नाही, आणि व्हॅलरँड यांच्या २८ विधानांतही ते नाही. ते म्हणजे लग्न पुढे जावे, हे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. जिथे पाचातली एक मुलगी सज्ञान होण्याआधी सासरी जाते, तिथे बारावीनंतर महाविद्यालयात घातलेले नाव ही एक ढाल असते. दिवाळीच्या सुट्टीत मामा किंवा आत्या एखादे स्थळ घेऊन येतात. मुलगा शेतीवाला आहे, पुण्यात कंपनीत आहे, हुंडा नको म्हणतात. आईला लग्न नको असते, पण तोंडावर “नाही” म्हणण्याची सोय नसते. मग ती चहाचा कप पुढे करत म्हणते, “पोरगी शिकतेय अजून. परीक्षा झाल्यावर बघू.” या वाक्याला नातेवाईकही मान देतात. प्रवेशाची पावती हातात नसती तर हे वाक्य उच्चारता आले नसते.

ही प्रेरणा खालच्या दर्जाची म्हणणाऱ्याला माझे सांगणे आहे की त्याने त्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. टाळण्यासाठी केलेली गोष्ट म्हणून सिद्धान्तात तिची गणना बाह्य प्रेरणेत होईल, हे खरे. पण ग्रंथालयात बसायला मिळालेले दोन तास, स्वतःचे बँक खाते, एकटीने केलेला एसटीचा प्रवास, वक्तृत्व स्पर्धेसाठी पाहिलेले परगाव, या सगळ्यातून तिच्याजवळ दुसरी कारणे जमा होऊ लागतात. लग्न लांबावे म्हणून आलेली मुलगी तिसऱ्या वर्षी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचे म्हणते, हे अनेक प्राध्यापकांनी पाहिलेले आहे. कारण कोठून सुरू झाले यावर ते कोठे जाईल हे ठरत नाही.

मात्र त्यासाठी महाविद्यालयापर्यंत पोचता आले पाहिजे. प्रेरणेचा अभ्यास करणाऱ्या जॅकलिन एक्लस या अमेरिकन संशोधिकेने १९८० च्या दशकात एक साधा मुद्दा ठासून मांडला: माणूस एखाद्या गोष्टीसाठी झटतो ते तिचे मोल आणि यश मिळण्याची आशा यांवरच अवलंबून नसते, तिच्यासाठी मोजावी लागणारी किंमतही त्यात धरावी लागते. आपल्याकडची एक बाब पाहा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. बारावी संपली की तो संपतो. पुढे सवलतीचा पास मिळतो, पण त्याला पैसे पडतात. रक्कम मोठी नसते. तरीही ज्या घरात मुलीच्या शिक्षणावर रोख पैसा काढायची सवय नाही, तेथे दर महिन्याला “पासाला पैसे हवेत” असे म्हणावे लागणे ही तिच्यासाठी खरी किंमत असते. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. हा निर्णय फार महत्त्वाचा आहे. पण साध्या बी.ए., बी.कॉम.ला जाणाऱ्या खेड्यातील मुलीच्या वाटेत फीपेक्षा बसचा पास, खोलीभाडे आणि शेवटची गाडी चुकण्याची भीती हेच मोठे अडथळे असतात, हे विसरून चालणार नाही. मुलगी पहिल्या वर्षीच गळाली तर “तिला आवड नव्हती” असे म्हणण्यापूर्वी एसटीचे वेळापत्रक तपासावे.

“स्वतःचे कारण” हा पाश्चात्त्य लाड नाही का?

आपल्याकडे माणूस एकटा शिकत नाही, घर शिकत असते, असे म्हणणारे चुकीचे नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले, तेव्हा “कमवा आणि शिका” योजनेत राबून शिकणारी मुले फक्त स्वतःसाठी शिकत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत जे महाविद्यालय सुरू केले, आणि जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, तेथे मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या मुलांमागे सगळी वस्ती उभी होती. एका मुलाच्या पदवीवर कित्येक घरांच्या आशा होत्या.

यावर उत्तर असे, की “स्वतःचे” म्हणजे “स्वतःपुरते” नव्हे. वस्तीसाठी शिकणे हे कारण मुलाने मनापासून स्वीकारले असेल तर ते त्याचे स्वतःचेच आहे. दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान आणि अमेरिका या चार देशांतील विद्यार्थ्यांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसले: समूहाला प्राधान्य देणाऱ्या रीती असोत की व्यक्तीला, माणसाने त्या आपल्याशा केल्या असतील तर तो अधिक समाधानी असतो.

१९९९ मधील दुसरा एक अभ्यास पालकांनी अवश्य ध्यानात घ्यावा. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी अमेरिकेतील लहान मुलांना शब्दकोडी सोडवायला दिली. गोऱ्या अमेरिकन मुलांनी कोडे स्वतः निवडले तेव्हा सर्वांत चांगले काम केले. आशियाई वंशाच्या मुलांनी मात्र “हे तुझ्या आईने निवडले आहे” असे सांगितले असता सर्वांत चांगले काम केले. अनोळखी माणसाने निवडलेले कोडे मात्र दोन्ही गटांतील मुलांनी तितक्या उत्साहाने सोडवले नाही. आईच्या निवडीवर विश्वास असेल तर ती परकी वाटत नाही. तो विश्वास आहे का, हे मात्र पाहावे लागते.

मग पालकांनी नेमके काय करावे?

तालुक्याच्या गावी प्रवेशाचा अर्ज बऱ्याचदा नेट कॅफेत भरला जातो. संगणकासमोर कॅफेवाला, शेजारी वडील, आणि ज्याचा प्रवेश आहे तो मुलगा दोघांच्या मागे उभा. ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर येतो. “संगणक टाकू का मेकॅनिकल?” असे कॅफेवाला विचारतो आणि वडील उत्तर देतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांत पहिल्या पसंतीची जागा पहिल्याच फेरीत मिळाली तर ती स्वीकारावी लागते. म्हणजे त्या खोलीतील काही मिनिटांत चार वर्षे ठरतात, आणि चार वर्षे काढणारा त्यात बोललेलाच नसतो.

डेसी आणि रायन यांच्या परंपरेतील संशोधनातून पालक-शिक्षकांसाठी जे निघते ते अवघड नाही. आपण एखादी शाखा सुचवत असू तर तिचे कारण सांगावे. “मी सांगतो म्हणून” हे कारण नव्हे. मुलाला ती नको असेल तर त्याची नाराजी खोडून न काढता ऐकून घ्यावी. आणि जेवढी निवड त्याच्या हाती देता येईल तेवढी द्यावी: शाखा घरच्या परिस्थितीने ठरणार असेल, तरी शहर, दुय्यम विषय, वसतिगृह की रोजचा प्रवास, एवढे तरी त्याने ठरवावे. हे मुलांना सैल सोडणे नाही. नियम कडक असूनही त्यामागचे कारण समजलेले असेल तर तो नियम आपलासा होतो.

“इतके टक्के पडले तर मोबाइल घेऊन देतो” या प्रथेविषयीही येथे सांगायला हवे. डेसी यांनी १९७१ मध्ये एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली. काहींना प्रत्येक सोडवलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला आणि नंतर तो बंद केला. पैसे मिळालेल्यांनी मोकळ्या वेळात त्या कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावला. बक्षिसांचा परिणाम नेहमीच असा होतो का, यावर संशोधकांत पुढे मोठा वाद झाला. आधीच नकोशा असलेल्या कामात बक्षिसाने फारसे बिघडत नाही असेही दिसले. पण ज्या मुलाला गणित मुळात आवडते, त्याच्या गणिताला किंमत लावू नये, एवढे त्यातून नक्की घ्यावे.

सतराव्या वर्षी कोणाला कळते? आणि काहीच कारण नसेल तर?

बहुतेकांना पूर्ण कळत नाही, आणि ते अपेक्षितही नाही. कारण शिकता शिकता बदलते. काळजी करण्याजोगी अवस्था वेगळी आहे: महाविद्यालयात जाण्याचे कोणतेही कारण, अगदी वडिलांचा धाकसुद्धा, जाणवत नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हॅलरँड यांनी क्वेबेकच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा सत्रभर पाठपुरावा केला, तेव्हा अभ्यासक्रम सोडून गेलेल्यांमध्ये ही प्रेरणाशून्य अवस्था सुरुवातीलाच अधिक आढळली होती, आणि टिकून राहिलेल्यांमध्ये आंतरिक प्रेरणा आणि पटलेली कारणे अधिक होती. मुलगा आळशी आहे असे समजून त्याच्यावर धाक वाढवणे हा या अवस्थेवर उपाय नाही. अनेकदा त्यामागे विषय झेपत नसल्याची शरम, इंग्रजी माध्यमाची भीती किंवा शहरातले एकटेपण असते, आणि ते शोधून काढणे हे वर्गशिक्षकाचे आणि घरच्यांचे पहिले काम आहे.

तरीही कारण सापडले नाही तर थांबण्याची वाट आता नियमाने मोकळी आहे, आणि ती फार कमी घरांना ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक (क्रेडिट) आणि उन्हाळ्यात ४ श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केलेला विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकतो. त्याचे श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत त्याच्या नावावर जमा राहतात. तीन वर्षांच्या आत तो परत येऊ शकतो आणि एकूण सात वर्षांच्या मुदतीत पदवी पूर्ण करू शकतो. मधल्या काळात कोणी वर्कशॉपमध्ये काम करील, कोणी शेती पाहील, कोणी भरतीची तयारी करील. अशा वेळी घरी “शिक्षण सोडले” असे न म्हणता श्रेयांक जमा झाल्याची नोंद उघडून पाहावी, परतीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवावी, आणि बाहेर पडण्यापूर्वी महाविद्यालयाच्या कार्यालयातून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: प्रमाणपत्रासाठी आपले श्रेयांक पूर्ण आहेत की नाहीत, आणि पुन्हा प्रवेश घेताना कोणत्या वर्षात बसता येईल.